देणगी पगारात जाते, मग जाते कुठे?

नाशिकमधल्या बऱ्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देणगी देऊ नये, कारण ते काम कायद्यानेच सरकारचे आहे. हे रुग्ण कधी बरे होत नाहीत. दिलेल्या पैशांतला निम्म्याहून अधिक भाग पगारात जातो. आणि दानच करायचे असेल तर धान्य, ब्लँकेटे द्यावीत किंवा खोल्या बांधून द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. शेवटी, संस्थांकडे हिशेब मागा, अशी सूचनाही आहे. लहान न्यासांचे हिशेब तपासण्याच्या निमित्ताने हा व्यवहार मी जवळून पाहिला आहे, आणि या चार मुद्द्यांपैकी तिसरा, पगाराचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो.

पहिला मुद्दा कागदावर बरोबर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याच्या कलम 18 ने शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही, असे कलम 19 सांगते. प्रत्यक्षात मात्र राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. जिल्हा रुग्णालयात गोळ्या मिळाल्या, तरी सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावरून त्या न्यायला एसटीने यायचे म्हणजे दिवस मोडतो, सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते, आणि एक खेप चुकली की पुढच्याही चुकत जातात. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, निरनिराळ्या मनोविकारांनुसार 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. त्या पाहणीतल्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण सुरगाण्याला लागून असलेला गुजरात होता. सरकारकडे मागणी जरूर लावून धरावी; ती पूर्ण होईपर्यंत पाड्यावर कोणी जायचे, याबद्दल संदेश गप्प आहे.

दुसऱ्या मुद्द्याला फार जागा देण्याचे कारण नाही. सातारा, गोवा आणि कांचीपुरम येथे स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराच्या 282 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही रुग्णांना दवाखान्यातल्या उपचारांबरोबर, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांची घरपोच साथ मिळाली, आणि वर्षभराने त्यांची लक्षणे व परावलंबन तुलनेने अधिक कमी झाले. फायदा माफक होता आणि सगळीकडे सारखा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याच्या कामासाठी. कोणीच बरे होत नसते, तर घरी पोहोचवायला माणसे कुठून आली असती?

आता पगाराविषयी. नेत्रशिबिराला भिंगे लागतात, रक्तपेढीला शीतपेट्या लागतात; या कामात मुख्य साधन माणूस हेच असते. रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत या क्षेत्रात रुळली आहे. त्या दोघांच्या घरी जाणारी कार्यकर्ती उरलेल्या गोळ्या मोजते, झोप कशी आहे ते विचारते, औषधाने हात थरथरतात म्हणून ते बंद केले असेल तर डॉक्टरांना कळवते, दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद जमवते आणि सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखानदाराला अर्ध्या दिवसाचे काम देण्यासाठी गळ घालते. उदाहरणादाखल असे धरू, की तिला 18,000 रुपये मानधन आणि 4,000 रुपये प्रवासखर्च मिळतो, आणि ती 40 घरी महिन्यातून दोनदा जाते. एका भेटीला 275 रुपये पडले. ताळेबंदात यातला मोठा भाग ‘वेतन’ या ओळीखाली दिसतो आणि संदेश लिहिणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या नियमांतही प्रशासकीय खर्चाला 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यासाठी केलेला खर्च त्या मर्यादेत धरला जात नाही. एका न्यासाला एका दानशूर गृहस्थांनी गाडी दिली आणि चालकाचा पगार मात्र ‘तुमचा तुम्ही बघा’ असे सांगितले. ती गाडी दोन पावसाळे अंगणात उभी होती. गाडीवर त्यांचे नाव मोठ्या अक्षरांत होते, हे जाता जाता नमूद करतो.

खोल्या आणि ब्लँकेटांचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. तमिळनाडूत एरवाडी येथे ऑगस्ट 2001 मध्ये निवाऱ्याला लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. छप्पर तिथेही होते. उलट चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेने बरे झालेल्या चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहण्याची सोय केली आणि सोबतीला प्रशिक्षित कार्यकर्ती दिली. इथे बांधकाम करावे लागत नाही, पण दरमहा भाडे आणि मानधन द्यावे लागते, आणि दरमहा द्यावे लागणाऱ्या पैशांवर कोनशिला बसवता येत नाही.

हिशेब मागा, ही संदेशातली सूचना मात्र मला पूर्ण मान्य आहे, कारण या क्षेत्रात बनावट संस्थाही आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे दाखल केलेले लेखापरीक्षित हिशेब पाहावेत, आणि निवासी केंद्र असेल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणी दाखवायला सांगावी. गेल्या वर्षी किती घरी भेटी दिल्या आणि कार्यकर्ती सोडून गेली तेव्हा तिची घरे कोणी सांभाळली, हे विचारावे. आणि ‘वेतन’ या ओळीतला आकडा फारच लहान दिसला, तर पाड्यावर नेमके कोण जाते, हेही विचारावे.