खुलासा : ‘मरायला निघालेले तुला वंदन करतात’ हे ग्लॅडिएटरांचं नेहमीचं वाक्य नव्हे

रोममधल्या कोलोसियम या प्राचीन रिंगणात प्रत्येक झुंजीआधी ग्लॅडिएटर (प्रेक्षकांसमोर झुंजणारे लढवय्ये) सम्राटाला ‘मरायला निघालेले तुला वंदन करतात’ असं म्हणत, असा मजकूर फोटोसह फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

प्राचीन लेखनात हे वाक्य एकाच प्रसंगात येतं. इ.स. 52 मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसने इटलीतल्या फुसिनस सरोवरावर लुटुपुटीची नव्हे, खरी रक्तपाती नौकालढाई भरवली. रोमन इतिहासकार टॅसिटस त्यात लढणाऱ्या 19,000 माणसांचा आकडा देतो. ती शिक्षा झालेली माणसं होती. क्लॉडियसचा रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की त्यांनी हे वंदन केलं, तेव्हा क्लॉडियस उत्तरला, ‘किंवा नाहीही!’ ही माफीच समजून ते लढेनात. मग सम्राट लंगडत सरोवराकाठी धावला आणि धमक्या देत, मनधरणी करत त्यांना लढायला लावलं. मला हा भाग फार अस्वस्थ करतो, आणि व्हायरल मजकुरात नेमका तोच गायब आहे.

कोलोसियमचं उद्घाटन तर इ.स. 80 मधलं, म्हणजे या घटनेनंतरचं. ग्लॅडिएटर नेहमी असं म्हणत, याला पुरावा नाही. कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.