ढिंगरी शिसं ‘खात’ नाही

जळगाव-धुळ्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: शेतात ढिंगरीचं (ऑयस्टर मशरूमचं) स्पॉन, म्हणजे बियाणं, भुशासोबत पसरा, बुरशी शिसं-कॅडमियम खाऊन टाकेल, तीन महिन्यांत जमीन साफ, वर मशरूम विकून पैसे. पुरावा म्हणून सांगतात, माती तपासणीच्या रिपोर्टात शिशाचा आकडा कमी आला.

‘खाऊन टाकते’: सांडलेलं डिझेल बुरशी खरंच फोडते. शिसं मूलद्रव्य आहे, ते फुटत नाही. बुरशीच्या पेशीभित्तीला चिकटतं, एवढंच. धागे कुजले की पुन्हा मातीत.

‘तीन महिन्यांत साफ’: हिशेब मांडा. एकराचा वरचा 15 सेंटिमीटर थर म्हणजे साधारण 8 लाख किलो माती. किलोमागे 200 मिलिग्रॅम शिसं धरलं तर एकरात 160 किलो. टनभर ओली ढिंगरी निघाली असं समजू (आपल्याकडच्या मे महिन्यात नाहीच निघणार, तिला 20 ते 30 अंश लागतात). वाळून ती 100 किलो. किलोमागे 50 मिलिग्रॅम शिसं उचललं, तरी सगळे मिळून 5 ग्रॅम! त्यात आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (pH) 8 च्या आसपास. शिसं आधीच घट्ट बसलेलं.

‘रिपोर्टात आकडा कमी आला’: कोणत्या रिपोर्टात? डीटीपीए या रसायनाने माती तपासायच्या पद्धतीने फक्त सुटा, पिकाला मिळणारा भाग कळतो. क्विंटलांनी भुसा पडल्यावर तो उतरू शकतो. एकूण शिसं मोजायला माती तीव्र आम्लात शिजवावी लागते. नमुना घेताना वरचा भुसा बाजूला सारला नाही, तर माती नुसती पातळ होऊनही आकडा घसरतो.

‘मशरूम विका’: ढिंगरी कॅडमियम फळात साठवते. अशा जागेवरची ढिंगरी बाजारात नको, गुरांपुढे नको, उकिरड्यावरही नको.

बुरशी कामाला येते ती मुख्यतः पाण्यात, आणि मेलेलीसुद्धा चालते. धातूचा मुलामा देणाऱ्या (प्लेटिंगच्या) कारखान्यांच्या धुवणातलं तांबं, झिंक, निकेल धरायला ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचा चोथा 0.5 नॉर्मल (द्रावणाच्या तीव्रतेचं माप) कॉस्टिक सोड्यात 15 मिनिटं उकळतात, सामू उतरेपर्यंत धुतात, 60 अंशांवर वाळवून दळतात. पाण्याचा सामू 5 च्या आसपास ठेवायचा. 3 च्या खाली आम्लच बुरशीवरची धातूची जागा अडवतं. फार वर नेला तर धातू साका होऊन आपोआप खाली बसतो आणि श्रेय फुकट बुरशीला जातं. पाणी सोडायच्या नळीत नुसती पूड भरली की ती चोंदते, म्हणून पूड अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळाच्या चिकट पदार्थात) मिसळून गोळ्या करतात. गोळ्या धातूने भरल्या की 0.1 नॉर्मल नायट्रिक आम्लाने धुवायच्या. धातू त्या धुवणात उतरतो. ते धुवण आणि वापरून संपलेल्या गोळ्या दोन्ही घातक कचऱ्यात जमा करायच्या, बांधावर नाही.