दूरदृष्टी जपण्याची कला

ज्या भाषेत दूरदृष्टी हा थोरामोठ्यांचा गुण मानला जातो, तिच्यात दूरदृष्टितेवर, म्हणजे जवळचे पुसट दिसण्याच्या डोळ्याच्या दोषावर, चष्मा लावणे म्हणजे कृतघ्नपणाच होय. तेव्हा जवळची अक्षरे पुसट दिसू लागली, की आपण फक्त हात लांब करावा आणि तो पुरेनासा झाला, की कागद धरायला समोरच्याला सांगावे.

आपला नेत्रगोल आखूड असतो, एवढेच काय ते निमित्त. एका मिलिमीटरच्या उणिवेने साधारण ३ डायॉप्टरचा, म्हणजे चष्म्याच्या भाषेत प्लस तीनचा, नंबर येतो आणि दृष्टिपटलामागे पडू पाहणारी प्रतिमा जागेवर आणण्यासाठी डोळ्यातल्या स्नायूला भिंग सतत फुगवून धरावे लागते. दूर पाहतानाही त्याची सुटका नसते. अशा बिनपगारी नोकराला चष्म्यातल्या बहिर्वक्र भिंगाची मदत देऊन आळशी का करावे? संध्याकाळी कपाळ ठणकले, ओळी एकमेकींत मिसळल्या, तर दोष कामाला द्यावा आणि डोकेदुखीची गोळी घ्यावी.

मुलांच्या बाबतीत तर मुळीच घाई करू नये. बहुतेक बाळे थोडासा प्लस नंबर घेऊनच जन्मतात आणि वाढीबरोबर तो ओसरतो, हे खरे आहे. तेच वचन आपण मोठ्या नंबरालाही निःशंक लावावे. मुलांचे भिंग इतके लवचीक असते, की ६ मीटरवरचा तक्ता ती घडाघडा वाचून दाखवतात. मग स्नायू सैल करणारे थेंब घालून लपलेला नंबर उकरून काढू पाहणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास कशाला ठेवायचा? पुस्तकापासून पळणाऱ्या मुलाला आळशी म्हणणे त्याहून सोपे आणि फुकट असते. भिंग फुगवण्याबरोबर डोळे आत वळण्याची आज्ञाही सुटते, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या मुलाचा एक डोळा नाकाकडे वळू लागला, तर त्याचे गोड म्हणून कौतुक करावे. पुढे मेंदू त्या डोळ्याची प्रतिमा मानेनासा होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी ही नजर बरीचशी परत येऊ शकते, म्हणून वाट पाहायचीच असेल, तर त्यानंतरपर्यंत पाहावी.

मोठ्यांनी मात्र निराश होऊ नये. वयाबरोबर भिंग कडक होत जाते, आपली चाळिशी चाळिशीच्या आधीच येते आणि मग एके दिवशी रस्त्यापलीकडची पाटीही पुसट होते; जवळचे आणि दूरचे असा भेदभाव निदान आपल्या नजरेत तरी उरत नाही.