काकांना हात लावून उठवायचं नाही

परवा भावकीच्या ग्रुपवर पुतणीने फोटो टाकला. पुण्यात नर्सिंग करते ती, माजी सैनिकांच्या मानसिक आजारांवर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं म्हणून. अंगठे आले, फुलं आली आणि मग दादाचा मेसेज, "फौजी माणसाला कसलं आलंय डिप्रेशन? नर्सांना आधी नीट शीर सापडू दे." सगळे हसले. मीही नर्सच, इथे अमेरिकेत सॅन अँटोनियोत हॉस्पिटलातली नाईट संपवून गाडीत बसले होते, स्क्रब्जसुद्धा बदलले नव्हते, तिथूनच टाईप करायला लागले.

दादा, इथे निम्मे माजी सैनिक तरी व्हीएमध्ये, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी आरोग्यसेवेत, नाव घालत नाहीत, ते आमच्यासारख्या साध्या हॉस्पिटलात येतात, शुगर घेऊन, मोडलेला पाय घेऊन. म्हणून आम्हाला शिकवतात की "तुम्ही व्हेटरन का" असं विचारू नका, "कधी सैन्यात होता का" असं विचारा, कारण बायका, नॅशनल गार्ड म्हणजे राखीव दलातले, लढाईवर न गेलेले, स्वतःला व्हेटरन म्हणतच नाहीत. हो म्हणाला की पुढचे प्रश्न. स्वप्नं पडतात का, सारखं सावध राहावं लागतं का, घरात बंदूक आहे का आणि तिला कुलूप आहे का. शीर सापडायला यातलं काही आड येत नाही.

त्यावर दादाने गुगल करून आकडा फेकला, २०२२ साली अमेरिकेत दिवसाला सतरा-अठरा माजी सैनिकांनी जीव दिला, मग तुमच्या ट्रेनिंगचा उपयोग काय? मी लिहिलं, इथे घरोघरी बंदुका आहेत, बहुतेक त्यानेच जातात. खरं आहे, पण उत्तर नव्हतं ते. आणि खरं सांगायचं तर माझं ट्रेनिंग म्हणजे तासाभराचा ऑनलाईन मॉड्यूल, पोहे खात खात नेक्स्ट नेक्स्ट दाबत संपवलेला, सर्टिफिकेट मात्र लगेच आलं. हे ग्रुपवर लिहिलं नाही अर्थात.

कामाचं शिकवलं ते आमच्या फ्लोअरवरच्या एका जुन्या नर्सने. व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेला म्हातारा झोपला होता, मी बीपी घ्यायला दंडाला हात लावणार तेवढ्यात तिने मला मागे ओढलं. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, लांबूनच नाव घेऊन हाक मारली, दोनदा. तो खाडकन उठून बसला, मुठी आवळलेल्या, मग हळूहळू सैल झाला.

आणि मला आमचं माजघर आठवलं. काका १९८७ ला शांतिसेनेतून श्रीलंकेला गेले होते. परत आल्यावर काकू त्यांना उंबऱ्यातूनच हाक मारायची, "अहो, चहा झालाय", आणि आम्हा पोरांना ताकीद, काकांना हात लावून उठवायचं नाही. आम्हाला वाटायचं मिलिटरीची शिस्त. मी इथे रोज रात्री परक्या माणसांना विचारते कधी सैन्यात होता का म्हणून, काकांना मात्र जाईपर्यंत एकदाही काही विचारलं नाही, आणि वर दादाला शहाणपण शिकवते.

रविवारी काकूला फोन केला. म्हटलं, तुला हे कुणी शिकवलं होतं गं?

"शिकवतंय कोण," काकू म्हणाली. "पहिल्या रात्री मनगट धरलं त्यांनी. महिनाभर बांगड्या घालता आल्या नाहीत."