कार्पेट सोडून सगळं

गाडीचं कार्पेट बदलायचं म्हणजे काय करायचं, तर कार्पेट सोडून बाकी सगळी गाडी बाहेर काढायची. कारण गाडी बनवताना पत्र्यावर आधी कार्पेट अंथरतात आणि मग त्याच्या उरावर सीटा, मधला कन्सोल, सीटबेल्टचे बोल्ट, दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्ट्या असं एकेक आणून बसवतात. व्हिडिओत हे सगळं एक हसरा माणूस स्वच्छ गॅरेजमध्ये, हातमोजे घालून, मागे गिटार वाजत असताना पंधरा मिनिटात उरकतो. आपल्याकडे सोसायटीचं पार्किंग असतं, ट्यूबलाइट फडफडत असते आणि हसायचं काम बघायला आलेले लोक करतात.

मुळात हे सुरू झालं वासावरून. जून संपता संपता गाडीत कुबट वास यायला लागला. आई म्हणाली गाडीत बसलं की ओलं कांबळं पांघरल्यासारखं वाटतं. मग डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली आली, सीटखाली कापूर आला, कोणीतरी सांगितलं म्हणून कॉफी पावडरची पुडी आली, आणि शेवटी मोगरा, कापूर, कॉफी आणि कुबट असा एक नवाच वास तयार झाला ज्याच्यामुळे आमची मुलगी शाळेला चालत जायला तयार झाली. एकदा पेन पडलं म्हणून पुढच्या सीटपाशी हात घातला तर बोटं ओली. दाबून बघितलं तर पाणी वर आलं. वरून कार्पेट कोरडं दिसतं हो, पण त्याच्या खाली जाड फेल्ट असतो, आपले सीट कव्हरवाले त्याला नमदा म्हणतात, तो सगळं पाणी पिऊन बसतो आणि वर कळू देत नाही.

पाणी आत यायचे दोन फेमस रस्ते. एक म्हणजे एसीचा पाईप. एसी चालला की आत पाणी जमतं, ते एका बारीक नळीतून रस्त्यावर गळायला पाहिजे, नळी तुंबली की ते डावीकडे बसणाऱ्याच्या पायात गळतं. दुसरा रस्ता पुढच्या काचेखाली, वायपर असतात तिथली काळी जाळी. तिच्यातून पडलेलं पावसाचं पाणी दोन्ही बाजूंच्या भोकांतून खाली निघून जातं, भोकं तुंबली की ते वाट शोधत आत येतं. आमची गाडी वर्षानुवर्षं गुलमोहराखाली उभी असते. गुलमोहर दिसायला फार सुंदर झाड आहे, पण त्याची पानं तिळाएवढी बारीक आणि ती जाळीतून सरळ आत पडतात. जाळी उघडली तर आत चक्क काळं कंपोस्ट होतं आणि त्यात एक रोप उगवलेलं होतं. बायको म्हणाली आधी हे कुंडीत लाव मग गाडीचं बघ.

आता गाडी गॅरेजला का नाही दिली. हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारलाय की मी पाठीवर उत्तर छापून घेणार होतो. आपल्याकडे स्वतःच्या हाताने काही करणं म्हणजे एकतर पैसे संपलेत किंवा बायकोशी भांडण झालंय. तिसऱ्या मजल्यावरचे काका हात मागे बांधून आले आणि म्हणाले, "काय रे, नोकरी चालू आहे ना?" म्हटलं चालू आहे काका. "मग हे काय?" म्हटलं कार्पेट बदलतोय. "पुरात होती का गाडी?" हा दुसरा प्रश्न. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याचं पाणी सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलं तेव्हापासून पुण्यात कोणी गाडीचं कार्पेट उचललं की लोकांना पूरच आठवतो. त्यांचंही चूक नाही म्हणा, जुनी गाडी घेणारा शहाणा माणूस कार्पेट वर करून गाळ आहे का, सीटचे बोल्ट गंजलेत का हेच आधी बघतो. पण काकांनी ते अशा आवाजात विचारलं की संध्याकाळपर्यंत दोन्ही विंगमध्ये आमची गाडी पुरातली ठरली.

सीट काढायची म्हणजे चार बोल्ट, बहुतेक गाड्यांना 14 नंबरचा सॉकेट लागतो. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायची, कारण सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगच्या सर्किटचा, त्याला बॅटरी जोडलेली असताना हात लावायचा नाही. वायर काढल्यावर थोडा वेळ थांबायचं पण असतं, त्यात मी चहा घेतला, काकांनी पण घेतला. तीन बोल्ट सुटले. चौथा नेहमी गंजलेलाच असतो आणि तो नेहमी अशा कोपऱ्यात असतो जिथे हात जातो पण पाना फिरत नाही. डब्ल्यूडी-40 मारा, पाईप लावून जोर करा, देवाचं नाव घ्या, काहीही करा. वॉचमन बराच वेळ बघत होता, मग हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही आवळताय."

सीट दारातून बाहेर काढताना तिच्या खालच्या रेल दाराचा रंग खरवडतात, म्हणून उंबऱ्यावर जुनी चादर टाकायची. चादर कुठली जुनी आणि कुठली "अजून चांगली आहे" याच्यावर घरी वेगळी चर्चा झाली ती इथे देत नाही. पट्ट्या काढताना क्लिपा तुटतात. हळू काढल्या तरी तुटतात, जोरात काढल्या तरी तुटतात, म्हणून जोरात काढाव्यात, वेळ वाचतो. कन्सोल वर उचलायला हँडब्रेक कमीजास्त करायला लागतो, तेव्हा गाडी सपाट जागेवर आणि चाकाला विटा हव्यात. ह्या विटा आणायला गेलो तर सेक्रेटरी साहेबांनी विचारलं, बांधकामाची परवानगी घेतली का. ते गंमत करत होते असं मला अजूनही वाटतंय.

शेवटी कार्पेट निघालं आणि खाली काय काय निघालं. एक्स्प्रेस वेच्या टोलच्या पावत्या, फास्टॅगच्या आधीच्या, आता कोऱ्या पडलेल्या. चार आण्याचं नाणं, जे 30 जून 2011 नंतर चलनातूनच गेलं, म्हणजे ते हरवलं तेव्हा त्याला निदान काही किंमत होती. खडीसाखर विरघळून पत्र्याला चिकटलेली. बुद्धिबळातला एक घोडा, ज्याच्या जागी आम्ही बरीच वर्षं शॅम्पूच्या बाटलीचं झाकण ठेवून खेळतोय. आणि दसऱ्याला गाडीची पूजा करताना वाहिलेली झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं, कित्येक दसऱ्यांची. इतकं सोनं गाडीत ठेवून आम्ही दर महिन्याला हप्ता भरत होतो.

ओला नमदा उचलायला वॉचमनला बोलावलं. पाणी लिटरला एक किलो भरतं हे शाळेत शिकलो होतो, कंबरेला त्या दिवशी कळलं. पत्रा दोन ठिकाणी गंजला होता, तो तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड मारला. इथे घाई करायची नाही, पूर्ण वाळू द्यायचं, नाहीतर नवीन कार्पेटखाली जुनाच गंज पुढे चालू. भर पावसात वाळवायला ऊन कुठून आणणार, मग पंखा लावला. पंख्याची वायर तळमजल्यावरच्या ताईंच्या घरातून, त्यामुळे त्यांना सल्ला द्यायचा अधिकार मिळाला. त्यांचं म्हणणं कार्पेट पाहिजेच कशाला, फरशी बसवा, पुसायला बरी.

नवीन कार्पेट नाना पेठेतून आणलं. दुकानदार म्हणाला ह्याच्यावर लॅमिनेशन करून टाका, एकदम वॉटरप्रूफ. हे वरचं रेक्झिनचं फ्लोरिंग म्हणजे माझ्या मते अर्ध्या दुर्गंधीचं मूळ आहे. ते वरचं पाणी खाली जाऊ देत नाही हे खरं, पण खाली गेलेलं वर पण येऊ देत नाही. मी क्लिपा मूठभर घेऊन निघालो. साच्यातलं कार्पेट घडी घालून देतात, ते उन्हात ठेवलं की मऊ पडून जागेवर बसतं. ऊन नाही, म्हणून बायकोचा हेअर ड्रायर. पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून गाडीचे केस वाळवणारा माणूस हे दृश्य बघायला ए विंगमधले लोक पण आले.

मग बोल्टची भोकं. नवीन कार्पेट टाकलं की सगळी भोकं झाकली जातात, ती दाभणाने टोचत टोचत शोधायची, सापडलं की दाभण तिथेच उभं ठेवायचं आणि कटरने लहानशी फुली मारायची. लहानच. मोठी मारायला नंतर कधीही येते. एक भोक सापडेना. काका म्हणाले ते नसेलच. मी म्हटलं काका, सीटला चार पाय आहेत. "आमच्या वेळी तीनवर पण चालायच्या." ते भोक शेवटी ताईंच्या मुलाने शोधलं, मोबाइलमध्ये. मी काढायच्या आधी फोटो काढले होते, पण बोल्ट काढायच्या भरात ते कोणाच्या लक्षात होते. ऍक्सिलरेटरखाली मात्र मी स्वतः हात घालून दोनदोनदा बघितलं, तिथे कार्पेटची घडी आली आणि पेडल अडकलं तर चेष्टा नाही. कडा एसआर 998 नावाच्या सोल्यूशनने चिकटवल्या, बॅटरी जोडली, आणि स्टिरिओने कोड मागितला. तो कोड जिथे लिहून ठेवला होता ते पुस्तक साफसफाईत रद्दीत गेलं होतं. असो, गाडीत आता आम्ही एकमेकांशी बोलतो.

रविवारी सगळे जेजुरीला निघालो. वास पूर्ण गेला होता, कुबटचा. सोल्यूशनचा होता. दिवे घाटाच्या दुसऱ्या वळणावर आई म्हणाली, "अरे हे काय भयंकर येतंय, मला मळमळतंय. त्यापेक्षा आधीचं बरं होतं, सवयीचं होतं." काचा खाली केल्या. तिसऱ्या वळणावर पावसाची सर आली. मी काच वर घ्यायला गेलो तर आई म्हणाली, राहू दे, जरा बरं वाटतंय. पाणी आडवं आत येत होतं, नव्या कार्पेटवर थेंब उमटत होते आणि मागून बायकोने विचारलं, "सॉकेट सेट डिकीतच आहे ना?"