चुंबक चिकटलं म्हणून स्टील नकली ठरत नाही

‘भांड्याला लोहचुंबक चिकटलं तर ते अस्सल स्टेनलेस स्टील नव्हे, दुकानदाराला परत करा,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. कृपया पुढे पाठवू नका.

स्टेनलेस स्टीलच्या प्रती (ग्रेड) आकड्यांनी ओळखतात. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेलमुळे धातूची आतली रचना बदलते, म्हणून चुंबक चिकटत नाही. 430 प्रतीत निकेल जवळपास नसतंच, क्रोमियम मात्र 16 ते 18 टक्के. त्याला चुंबक घट्ट बसतं, तरी तेही स्टेनलेसच, कारण गंज अडवतं ते क्रोमियम. इंडक्शनवर चालणाऱ्या स्टीलच्या पातेल्याच्या बुडाला तर असंच चुंबकीय स्टील मुद्दाम लावतात, नाहीतर ते तापणारच नाही! अगदी 304 ची वाटी घ्या: वळवलेल्या काठाशी चुंबक किंचित ओढलं जाऊ शकतं. पत्रा न तापवता दाबून आकार दिल्याचा तो परिणाम.

मला खरी काळजी वाटते ती उलट बाजूची. 200 मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये बरंचसं निकेल काढून मँगनीज घालतात. त्यालाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण मिठाच्या पाण्यापुढे ते 304 इतकं टिकत नाही. घेताना चुंबक नको, प्रत कोणती ते विचारा.