उषाचा तो शंभरावा हिस्सा आता पुरे

ऑलिंपिक जवळ आलं की पी. टी. उषाची तीच पोस्ट फिरायला लागते. सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने पदक हुकलं, खाली रडके इमोजी, संपलं. आकडा खरा आहे. लॉस एंजेलिस, 8 ऑगस्ट 1984, महिलांची 400 मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. तिसरी रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू 55.41 सेकंद, चौथी उषा 55.42. पण त्या एका आकड्यापायी आपण आशियातल्या एका जबरदस्त धावपटूला कायमचं 'बिचारी' करून ठेवलंय, आणि हे मला अजिबात पटत नाही.

आधी त्या शंभराव्या हिश्श्याचंच बघू. 400 मीटर 55.42 सेकंदांत म्हणजे सरासरी सेकंदाला सव्वासात मीटर. थकलेल्या शेवटच्या टप्प्यात वेग त्याहून कमी. म्हणजे 0.01 सेकंद म्हणजे सुमारे साडेसहा-सात सेंटिमीटर. त्यातही एक गोम आहे. फोटो फिनिशमध्ये, म्हणजे अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याच्या चित्रात, वेळ हजाराव्या हिश्श्यापर्यंत वाचतात आणि जाहीर करताना वरच्या शंभराव्या हिश्श्यावर नेतात. 55.410 असेल तर 55.41, पण 55.411 झालं की 55.42. त्यामुळे कागदावर 0.01 दिसत असलं तरी खरा फरक हजाराव्या एका हिश्श्याइतका किंवा जवळजवळ दुप्पटही असू शकतो. शिवाय रेषेवर मोजतात ते धड. डोकं, मान, हात, पाय यातलं काहीही आधी पोहोचलं तरी उपयोग नाही. म्हणून शेवटच्या पावलाला छाती पुढे टाकायची असते, आणि ती एक-दोन पावलं आधी टाकली तर पावलं आखडून वेगच मरतो. उषाने ती झेप नीट घेतली नाही, हे चित्रफितीत दिसतंच.

पण 'झेप घेतली असती तर' एवढ्यावर ही शर्यत संपत नाही, कारण ती शर्यतच तशी नाही. पहिल्या हर्डलपर्यंत 45 मीटर, मग 35-35 मीटरवर एकूण दहा हर्डल्स, आणि शेवटच्यानंतर 40 मीटर मोकळी धाव. महिलांसाठी उंची 76.2 सेंटिमीटर. उडीच्या मानाने ही काहीच नाही, खरा खेळ पावलांचा आहे. उडी साधारण दोन मीटर आधी घ्यायची, पलीकडे मीटरभर अंतरावर उतरायचं. मधे उरतात 32 मीटर. त्यात 15 पावलं टाकायची तर प्रत्येक पाऊल दोन मीटरच्या वर हवं. सुरुवातीला ते जमतं. सहाव्या-सातव्या हर्डलला पाय जड होतात, पाऊल चार-पाच सेंटिमीटरने आखडतं, आणि पंधरा पावलांत उडीची जागा येत नाही. मग धावपटू हर्डलच्या तोंडाशी बारीक बारीक पावलं टाकते, तिथेच वेग जातो. यावर उपाय म्हणजे थकण्याआधीच ठरवून 16 किंवा 17 पावलांवर येणं. 17 ला पुढचा, म्हणजे हर्डलवरून आधी जाणारा, पाय तोच राहतो. 16 ला मात्र पाय बदलतो, त्यामुळे दोन्ही पायांनी उडी सारखी घोटलेली लागते. वळणावर डावा पाय पुढे टाकणारीला आतल्या रेषेजवळून जाता येतं. उजवा पुढे असेल तर मागचा डावा पाय हर्डलच्या बाहेरून जाण्याची भीती, म्हणून थोडं बाहेरून पळावं लागतं.

हे सगळं अंगात मुरायला वर्षं लागतात. आता हे बघा: 1982 च्या दिल्ली आशियाडमध्ये उषाची रौप्यपदकं होती 100 आणि 200 मीटरची. 400 हर्डल्सचं सुवर्ण तिथे एम. डी. वलसम्माने जिंकलं होतं. आणि दोनच वर्षांत उषा याच प्रकारात ऑलिंपिकची उपांत्य फेरी 55.54 मध्ये जिंकते. वय 20. प्रशिक्षक ओ. एम. नांबियार हवाई दलातून आलेले, सराव बराचसा गवतावर आणि केरळातल्या तिच्या पय्योली गावच्या वाळूत. त्या तयारीवर हे झालं, हे आधी सांगायला हवं. हुकलेल्या पदकाचं नंतर.

अंतिम फेरीत एका स्पर्धकाचा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे ती इशाऱ्याआधीच सुटली, तेव्हा उषा ब्लॉकमधून, म्हणजे पाय रोवायच्या ठोकळ्यांतून, छान सुटली होती. सगळ्यांना परत बोलावलं, आणि दुसऱ्या वेळी ती सुरुवात तिला साधली नाही. क्रीडाग्रामात भातावर, खरं तर पेजेवर आणि लोणच्यावर भागवावं लागलं, शेवटच्या 35 मीटरला ताकद उरली नाही, असं तिने स्वतः पुढे सांगितलंय. मला हे कारण झेपेच्या कारणापेक्षा जास्त पटतं. हर्डल्समध्ये शेवटचे 40 मीटर शिल्लक असलेल्या दमावरच पळायचे असतात. सोबत आहार बघणारं कोणी नसणं हा दोष खेळाडूचा नव्हे.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. सोव्हिएत गटाचा बहिष्कार होता. जूनमध्ये 53.58 चा जागतिक विक्रम करणारी मार्गारिटा पोनोमार्योवा आली नव्हती, 1983 ची जगज्जेती एकातेरिना फेसेंकोही नव्हती. मोरोक्कोच्या नवाल अल मुतवक्किलने सुवर्ण जिंकलं 54.61 मध्ये, अमेरिकेच्या ज्युडी ब्राऊनला 55.20 वर रौप्य. त्या वर्षी जगात कोण कुठे होतं ते यावरून कळतं. गंमत अशी की वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत लष्करी गटातल्या, देशांपैकी बहिष्कार मोडून आला तो एकटा रुमानिया, आणि कांस्य नेलं नेमकं रुमानियानेच.

आता ज्याच्यावर पोस्टी फिरायला हव्यात ते. जकार्ता, 1985, आशियाई अजिंक्यपद. 100, 200, 400, 400 हर्डल्स आणि 4x400 रिले, पाचही सुवर्णं. वर 4x100 रिलेचं कांस्य. एका स्पर्धेत एकाच बाईने. ज्यांनी मैदान पाहिलंय त्यांना यातली अडचण सांगायला नको. 100 मीटरला ब्लॉकमधून स्फोटासारखं सुटायचं, मांड्यांच्या मागच्या स्नायूंवर सगळा ताण. 400 ला 300 मीटरनंतर स्नायूंत आम्ल साचतं, पाय ऐकत नाहीत. 400 हर्डल्समध्ये तेच, वर दहा उड्या. एकासाठीची तयारी दुसरीचं नुकसान करते, म्हणून जगभर 100-200 किंवा 400 आणि 400 हर्डल्स अशा जोड्या असतात. या दोन्ही जोड्या एकाच अंगात, त्यात प्राथमिक फेऱ्या, मग रिले! दोन शर्यतींच्या मधे नुसतं अंग गार न पडू देणं, पोटऱ्यांत गोळे न येऊ देणं हेच मोठं काम.

पुढच्या वर्षी सोल आशियाड. 200 मीटर 23.44, 400 मीटर 52.16, 400 हर्डल्स 56.08, सगळ्यांत सुवर्ण. शायनी अब्राहम, वलसम्मा, वंदना राव यांच्यासोबत 4x400 रिलेचंही. भारताची त्या आशियाडमधली एकूण सुवर्णं पाच, पाचवं कुस्तीत कर्तार सिंगचं. म्हणजे बाकी सगळा देश एकीकडे आणि उषाचे पाय एकीकडे. 100 मीटरला फिलिपिन्सच्या लिडिया डी वेगाने तिला मागे टाकलं. त्यात नवल नाही, 400 च्या सरावाने पहिल्या 30 मीटरचा झटका थोडा बोथट होतोच. ही किंमत माहीत असून तिने तीन अंतरं आणि हर्डल्स धरून ठेवली.

1988 च्या सोल ऑलिंपिकला टाचेच्या दुखापतीसह उतरली आणि पहिल्याच फेरीत संपली. त्यावर वर्तमानपत्रांनी काढलेले वाभाडे आठवत असतील तर आजच्या ट्रोलिंगचं नवल वाटणार नाही. 1990 ला बीजिंगमध्ये तीन रौप्यं, मग लग्न, मूल, आणि 1998 मध्ये वयाच्या 34 व्या वर्षी फुकुओकाच्या आशियाई अजिंक्यपदात 200 आणि 400 ची कांस्यं, 4x100 चं सुवर्ण. हा भाग कोणी सांगतच नाही.

भारतीय ऑलिंपिक संघटनेची अध्यक्ष म्हणून 2023 मध्ये आंदोलक कुस्तीपटूंना तिने बेशिस्त ठरवलं, ते मला चुकीचं वाटलं आणि अजूनही वाटतं. पण त्याने जकार्ताची कामगिरी बदलत नाही, आणि जकार्तामुळे ते विधान माफही होत नाही.

राहिला 55.42. 2 ऑक्टोबर 2023 ला हांगझोऊ आशियाडच्या प्राथमिक फेरीत तमिळनाडूच्या विथ्या रामराजने अगदी तेवढीच वेळ दिली, 55.42, आणि 39 वर्षांनी त्या राष्ट्रीय विक्रमाला पहिल्यांदा बरोबरीची जोडीदार मिळाली. अंतिम फेरीत 55.68 आणि कांस्य. विथ्याला सिंथेटिक ट्रॅक मिळाले, परदेशी स्पर्धा मिळाल्या, आणि तरीही वेळ तीच. उषाचं काय हुकलं यावर कमेंट करण्याआधी ही वेळ गवतावर आणि वाळूत तयार झालेल्या पायांनी दिली होती, एवढं त्याच कमेंटमध्ये लिहा.